अयादत झाली, तीमारदारीचे काय?

उर्दूत आजारी माणसासंबंधी दोन वेगळे शब्द आहेत. एक ‘अयादत’, म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणे, त्याची विचारपूस करणे. दुसरा ‘तीमारदारी’, म्हणजे त्याच्या उशाशी राहून त्याची सेवा करणे. मराठीत या दुसऱ्या कामाला ‘शुश्रूषा’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ मुलांना सांगितला की त्यांना नवल वाटते. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्याला पुढे चिकटला.

अयादतीत आपला समाज कुठेही कमी पडत नाही, अल्हम्दुलिल्लाह. जालना रोडवर किंवा बीड बायपासवर अपघात झाला, वाळूजच्या कारखान्यात कुणाचा हात प्रेसमध्ये सापडला, तर तासाभरात घाटीच्या वॉर्डाबाहेर अर्धा मोहल्ला जमतो. कुणी रक्त देतो, कुणी फळे आणतो, कुणी यासीन शरीफ पढतो. माणूस घरी आला की पंधरा दिवस दाराबाहेर चपलांचा ढीग असतो आणि आत चहाची भांडी घासून घरातल्या बायका थकून जातात. मग हळूहळू येणे कमी होते. तीन महिन्यांनी त्या खोलीत फक्त आजारी माणूस आणि एक बाई उरते. ती त्याची आई असते, बायको असते, सून असते किंवा मुलगी. तीमारदारीचा खरा काळ तिथून सुरू होतो आणि तो कधी कधी वीस-तीस वर्षे चालतो.

आज मी तापाबद्दल किंवा ऑपरेशननंतरच्या पंधरा दिवसांबद्दल लिहीत नाही. ज्या दुखापतीने माणसाचे आयुष्यच बदलून जाते, तिच्याबद्दल लिहिते आहे. मणक्याला मार लागून कमरेखालचे किंवा मानेखालचे अंग लुळे पडणे, डोक्याला मार लागून बोलणे, स्मरण, स्वभाव बदलणे, पाय किंवा हात काढावा लागणे, मोठे भाजणे. अशा माणसाला रुग्णालय कायमचे ठेवू शकत नाही. तो घरीच येतो. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे, पुढची तारीख आणि ‘पाठीची काळजी घ्या’ असे एखादे वाक्य असते. ती काळजी म्हणजे नेमके काय, कुणी घ्यायची, किती वेळा घ्यायची आणि ती नीट घेतली जाते आहे की नाही हे कशावरून ओळखायचे, ते कुठेच लिहिलेले नसते.

माझ्या शाळेतल्या एका मुलीच्या अब्बांचे उदाहरण सांगते. ते सेंट्रिंगचे काम करायचे. स्लॅबवरून पडले, मणक्याला मार लागला, दोन्ही पाय गेले. ऑपरेशन चांगले झाले होते. घरचे लोक जीव ओतून करत होते. पलंग खिडकीजवळ लावला, रोज अंडी-दूध, रोज दुआ. तरी चौथ्या महिन्यात त्यांना तापाने फणफणत पुन्हा भरती करावे लागले. मणक्याचे काही बिघडले नव्हते. माकडहाडावर मुठीएवढी जखम झाली होती आणि ती आत हाडापर्यंत गेली होती. संवेदना नसल्याने त्यांना दुखले नाही, आणि ज्या जागेवर ते झोपलेले होते तिथे कुणी पाहिले नाही. त्याच काळात नववीत शिकणारी त्यांची मुलगी आठवड्यातून तीन-तीन दिवस गैरहजर राहू लागली. मी घरी गेले तेव्हा तिची अम्मी म्हणाली, “रात को दो-तीन बार उठना पडता, बाजी. मैं नै उठी तो बच्ची उठती.” माया त्या घरात भरपूर होती. कमी होती ती पद्धत, आणि कमी होते हात.

घरच्या सेवेला दर्जाचे मापच लावता येत नाही, माया असली की झाले, असे आपल्याकडे समजतात. असे माप याच महाराष्ट्रात एका ठिकाणी ४२ वर्षे पाळले गेले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिच्यावर हल्ला झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन झाले. मधली सगळी वर्षे केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळले. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण सेवा तुटली नाही. तिच्या इच्छामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. त्या वेळी रुग्णालयाने न्यायालयाला सांगितले की इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही बेडसोअर झाला नाही. न्यायालयाने अर्ज नामंजूर केला आणि या परिचारिकांच्या सेवेचे मनापासून कौतुक केले. परिचारिकांनी डॉक्टरांच्या समितीला आणखी एक गोष्ट सांगितली होती: मासे आणि चिकन सूप असे आवडीचे खाणे मिळाले की अरुणा हसायची. जी बाई बोलू शकत नव्हती, तिची आवड त्यांनी ओळखली होती. शुश्रूषेचा मूळ अर्थ ऐकणे का आहे, ते इथे कळते.

हे उदाहरण सांगितले की कुणीतरी म्हणेल, बघा, त्या परक्या असून एवढे करतात, घरच्या सुनेला काय झाले? हा चुकीचा धडा आहे. केईएममध्ये ते काम पाळीने चालत होते. सकाळची परिचारिका दुपारी घरी जात होती. एकीने केलेले दुसरी तपासत होती. घरात आपण हेच काम एका बाईवर टाकतो, तिला सुट्टी देत नाही आणि मग जखम झाली की तिलाच बोल लावतो.

कूस बदलण्याच्या शिस्तीला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत मणका तुटलेला सैनिक बहुधा काही महिन्यांतच जखमांच्या किंवा लघवीच्या संसर्गाने दगावत असे. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेला हा यहुदी डॉक्टर. त्यांनी दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याचा नियम घातला आणि तो कसोशीने पाळून घेतला. औषधांइतकेच या नियमाने माणसे जगवली. १९४८ साली त्यांनी रुग्णालयाच्या अंगणात चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांचे खेळ घेतले, आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक आले. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला जायबंदी जवानांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. हाजी अलीला जियारतीला जाणारे आपल्यातले किती तरी लोक त्या फाटकासमोरून जातात.

आता घराकडे येऊ. चांगली तीमारदारी कशी ओळखावी? डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ज्या गोष्टींवर भर देतात, त्या मी घरात तपासता येतील अशा सात प्रश्नांत मांडते.

पहिला प्रश्न कातडीचा. अंथरुणावर असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली जाते का? खुर्चीवर बसलेला माणूस दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलतो किंवा एका बाजूला झुकतो का? माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याचा मागचा भाग रोज दोनदा उजेडात पाहिला जातो का? लाल दिसणाऱ्या जागेवर बोट दाबून उचलावे. लाली गेली नाही, तर जखमेची ती सुरुवात आहे. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, तिथे कातडी गरम, कडक किंवा काळपट लागते का ते पाहावे. त्या जागेवर पुन्हा भार देऊ नये आणि ती चोळूही नये. हवेची गादी घेतली म्हणजे कूस बदलायला नको, असे दुकानदार म्हणतात. ते खरे नाही. गादी मदत करते, माणसाचे काम करत नाही. आणि ज्या अंगाला संवेदना नाही, तिथे शेकायची पिशवी कधीही ठेवू नये. ते भाजते आणि कळत नाही.

दुसरा प्रश्न लघवी-शौचाचा. नळीला हात लावण्याआधी साबणाने हात धुतले जातात का? पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकते का? लघवी गढूळ, दुर्गंधी किंवा लाल आहे का? काही रुग्णांना कायमच्या नळीऐवजी ठरावीक वेळी स्वच्छ नळी घालून लघवी काढायची पद्धत शिकवतात. ती आपल्या माणसाला योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारा. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर एक धोका पक्का ध्यानात ठेवा. अचानक कपाळ फुटेल असे दुखणे, चेहरा लाल, घाम आणि रक्तदाब चढणे. बहुतेक वेळा याचे कारण तुंबलेली नळी किंवा तुंबलेले शौच असते. लगेच रुग्णाला उठवून बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळी कुठे मुडपली आहे का पाहा आणि वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

तिसरा खाण्याचा. आडवे झोपवून घास भरवला जातो का? डोक्याला मार लागलेल्या माणसाचा घास श्वासनळीत जाऊ शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. बसवून, मान किंचित पुढे घेऊन, लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर अर्धा तास बसते ठेवावे.

चौथा सांध्यांचा. हात-पाय रोज हलवले जातात का? महिनोन्‌महिने न हलवलेला पाय काठीसारखा ताठ होतो आणि मग त्या माणसाला खुर्चीत बसवणेही कठीण होते. फिजिओथेरपिस्टला रोज घरी बोलावणे परवडत नसेल, तर एकदा बोलावून घरातल्या दोघांनी व्यायाम शिकून घ्यावा.

पाचवा स्वभावाचा. डोक्याची दुखापत बाहेरून दिसत नाही. माणूस चिडतो, रडतो, शिव्या देतो, एकच प्रश्न वीसदा विचारतो. घरचे म्हणतात, “असर झाला.” आमिलकडे धाव घेण्याआधी मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. हा मेंदूच्या इजेचा भाग असू शकतो आणि त्यावर उपाय असतात. झटका आला तर एका कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही.

सहावा इज्जतीचा. अंघोळ घालताना, कपडे बदलताना पडदा ओढला जातो का? पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई मदतीला आहे का? त्याला न सांगता, न विचारता उलथेपालथे केले जाते का? पाहुण्यांसमोर त्याच्या शौचाच्या गोष्टी बोलल्या जातात का? आपल्या घरांत याला आणखी एक बाजू आहे, नमाजची. अनेक जायबंदी माणसे ‘आपण नापाक आहोत’ म्हणून नमाज सोडून बसतात आणि आतून खचतात. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर नमाज पढावी, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना शिकवण दिली होती. पाणी वापरता येत नसेल तर तयम्मुम आहे. लघवीची नळी असलेल्या माणसासाठी फिक्‌हमध्ये माजूरचे मसले आहेत. ते आपल्या आलिमांना विचारून घ्या. पलंग लावताना किब्ल्याची दिशा पाहणे हासुद्धा चांगल्या तीमारदारीचा भाग आहे.

सातवा प्रश्न सेवा करणाऱ्याचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. तिने काल रात्री सलग किती तास झोप घेतली? आठवड्यात अर्धा दिवस तरी ती घराबाहेर पडते का? माणूस उचलून तिची कंबर गेली आहे का? घरातल्या कुणा मुलाची किंवा मुलीची शाळा या कामापायी बुडते आहे का? या प्रश्नांची उत्तरे वाईट असतील, तर आधीच्या सहा प्रश्नांची उत्तरे आज चांगली असली तरी उद्या बिघडतील. अशा घराच्या तीमारदारीचा दर्जा ठरवताना मी शाळेचा हजेरीपटही पाहीन.

इथे कायद्याने काय म्हटले आहे ते पाहण्यासारखे आहे. अपघातात मेंदूला कायमची इजा झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या भरपाईचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने निकाल देताना मदतनिसांचा खर्च वेगळा मोजला. एक नव्हे, दोन मदतनीस धरले. प्रत्येकी महिना ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,२०,००० रुपये, आणि त्याला १८ ने गुणून या एकाच बाबीखाली २१,६०,००० रुपये दिले. देशाचे सर्वोच्च न्यायालय दोन माणसे मोजते. आपण घरात एक सून मोजतो, आणि तिच्याच माथी स्वयंपाक, धुणी-भांडी आणि मुलांचा अभ्यास ठेवतो.

दुसरे एक दुखणे आहे, ते मोकळेपणाने बोलले जात नाही. शौहर जायबंदी झाला तर बीवी आयुष्य काढते आणि लोक तिला साबिर म्हणतात. बीवी जायबंदी झाली तर पुष्कळदा तिला ‘थोडे दिवस’ म्हणून माहेरी पोहोचवले जाते आणि ते थोडे दिवस संपत नाहीत. ज्या घरात खिदमत फक्त बायकांचे काम समजले जाते, त्या घरात आजारी बाईची खिदमत कुणाचेच काम नसते. मुलग्यांना कूस बदलायला, पिशवी रिकामी करायला, अम्मीचे केस विंचरायला शिकवा. स्वतः प्रेषित (स.) घरातली कामे हाताने करत असत, हे आपण त्यांना पुस्तकातून शिकवतोच.

ज्यांना परवडते ते ब्यूरोकडून माणूस ठेवतात. बारा तासांची मावशी, चोवीस तासांचा मामा असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. यात बरेच प्रामाणिक, कष्टाळू लोक आहेत. पण कुणाला काय येते हे तपासायची पद्धत नाही. इंग्लंडमध्ये घरी येऊन अंगाची सेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेला केअर क्वालिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते. २००९ पासून काम करणारी ही संस्था पाच गोष्टी तपासते: सेवा सुरक्षित आहे का, तिचा गुण येतो का, तिच्यात माया आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे ती बदलते का, आणि कारभार नीट आहे का. निकाल जाहीर होतो, कुणीही वाचू शकतो. आपल्याकडचा नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदा खाटांच्या जागेसाठी आहे. आपल्या खोलीत येणाऱ्या मावशीचे काम त्यात तपासले जात नाही. म्हणून आपल्या घराचे तपासनीस आपणच.

ब्यूरोला विचारायचे प्रश्न साधे आहेत. येणारी व्यक्ती नर्स आहे की मदतनीस? नर्स असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. मदतनीस असेल तर जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एडचे प्रशिक्षण झाले आहे का? असे सरकारमान्य अभ्यासक्रम आता आहेत. मणक्याच्या किंवा डोक्याच्या किती रुग्णांकडे काम केले? इंजेक्शन देणे, नळी बदलणे ही कामे मदतनिसाने करू नयेत. ती कोण करणार? माणूस आला नाही तर बदली किती तासांत मिळेल? तक्रार कुणाकडे? ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी आहे का? पहिल्या दिवशी त्याला तुमच्यासमोर कूस बदलायला सांगा. हात धुतो का, आधी रुग्णाला सांगतो का, ओढतो की उचलतो, एवढ्यावरून बरेच कळते. कामांची यादी आणि पगार कागदावर लिहून घ्या. आणि दर्जा दोन्ही बाजूंनी असतो. त्या मावशीला पोटभर जेवण, झोपायला जागा, नमाजला किंवा तिच्या पूजेला वेळ आणि तारखेला पगार मिळाला पाहिजे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण इथेही लागू आहे.

पैशाचा प्रश्न खरा आहे, पण अनेक घरे आपला हकच मागत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ‘उच्च आधाराची गरज’ असलेल्या व्यक्तीची वेगळी तरतूद आहे. कलम ३८ प्रमाणे ती व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरे कुणी अर्ज करू शकते, आणि कलम २४ मध्ये अशा व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. त्यासाठी पहिली पायरी म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. वॉर्डाच्या बैठकीत त्याबद्दल विचारा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो. कारखान्यात ईएसआय कापला जात असेल आणि कामावर दुखापत झाली असेल, तर कायमच्या अपंगत्वाचा मासिक लाभ मिळतो. पूर्ण अपंगत्व असेल तर तो मजुरीच्या ९० टक्के असतो. ईएसआय नसेल तर कामावरच्या दुखापतीसाठी मालकाकडून भरपाई मागण्याची कायदेशीर तरतूद आहे. रस्ता अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा आणि वकिलांना सांगा की औषधांच्या बिलांबरोबर मदतनिसाचा जन्मभराचा खर्चही मागायचा आहे. दलालाच्या सांगण्यावरून थोड्या पैशांत कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

बाकीचे काम मोहल्ल्याचे आहे. हिजरी ५ मध्ये खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी मस्जिदे नबवीत तंबू लावायला सांगितला, म्हणजे जवळून त्यांची विचारपूस करता येईल. जखमींची देखभाल करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव याच प्रसंगाशी जोडलेले आहे. जखमी माणसाची जागा मागच्या अंधाऱ्या खोलीत नव्हती, वस्तीच्या मध्यभागी होती. नाबिना सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) अजान देत, आणि प्रेषित (स.) बाहेरगावी गेले असता मदिन्याची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपवली गेली. म्हणून जायबंदी माणसाला फक्त सेवा देऊन भागत नाही, त्याला काहीतरी काम द्यावे लागते. घरचा हिशोब, मुलांचे पाढे, नाजिरा कुरआन, मोबाइल दुरुस्ती, जे जमेल ते.

मस्जिद कमिट्या आणि महिलांचे इज्तिमे हे काम सहज करू शकतात. घरी पडून असलेल्या हवेच्या गाद्या, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, बेडपॅन एका खोलीत जमा करून गरजूंना फिरते द्या. रमजानमध्ये जकात काढताना ज्या हकदार घरात अंथरुणावर माणूस आहे, तिथे किराण्याबरोबर महिन्याच्या डायपर आणि नळ्यांचाही विचार करा. आणि अयादतीला जाताना फळांऐवजी दोन तास घेऊन जा. म्हणा, “भाभी, तुम्ही दोन तास झोपा, तोवर आम्ही बसतो.”

वर उल्लेख केलेल्या घरात शेवटी एक वही भिंतीला टांगली गेली. वेळ, कूस, लघवी, कातडी, सही एवढे पाच रकाने. रात्री अकरा आणि एकची पाळी मामूंची आणि चुलत भावाची ठरली, तीन आणि पाचची अम्मीची. दुपारचे दोन तास शेजारची एक विधवा बाई बसू लागली. तिला त्याचे पैसे दिले जातात. मुलीकडे संध्याकाळचे जेवण भरवणे एवढेच राहिले, तेही अभ्यास झाल्यावर. पाठीची जखम भरायला पाच महिने लागले. खुब्यावरची एक अजून पूर्ण भरलेली नाही. मुलगी दहावीत आहे. सहीचा रकाना अब्बांनी स्वतःकडे घेतला आहे. कूस बदलली नसेल तर ते सही करत नाहीत, आणि मामूंना त्यावरून दोनदा ऐकून घ्यावे लागले आहे.

तुमच्या घरी किंवा शेजारी असा कुणी असेल, तर या आठवड्यात ते सात प्रश्न कागदावर उतरवून त्यालाच वाचून दाखवा आणि त्याची उत्तरे ऐका. उत्तर देता येत नसेल तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. ज्या घरांनी पाळी लावून, वही ठेवून किंवा दुसऱ्या एखाद्या युक्तीने हे काम निभावले आहे, त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहावे. इतर घरांना त्याचा उपयोग होईल. अल्लाह तआला प्रत्येक आजाऱ्याला शिफा देवो आणि त्याच्या उशाशी जागणाऱ्याला झोप देवो. आमीन.